फितुराची बायको

माझ्या नवऱ्याची गाढवावरून धिंड काढायला अर्धं गाव आमच्या दारात आलं होतं.

गाढव खरंच आणलं होतं. मी खिडकीच्या फटीतून बघितलं.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. मुलगी म्हणते, आई, बाबांवर काहीतरी छान लिही. छान मला जमत नाही. मला त्या रविवारचं लिहायचंय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. शिंदखेड्याजवळच्या एका गावात हे गणिताचे मास्तर. गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करायचे, तेवढीच हौस.

तेव्हा टीव्हीवर रविवारी सकाळी एक ऐतिहासिक सिरियल लागायची. तिचं थोडं शूटिंग आपल्या भागातल्या एका पडक्या गढीत झालं आणि किल्ल्याच्या हवालदाराचा रोल ह्यांना मिळाला. का, तर डोळे घारे. डायरेक्टर म्हणाले, "दगाबाज शोभता."

हवालदार म्हणजे किल्लेदाराचा उजवा हात. तोच शत्रूला दार उघडून देतो.

ह्यांनी विचारलं, "का उघडतो?"

"फितूर आहे म्हणून."

"अहो, ते उत्तर झालं. पायऱ्या कुठायत?"

गणितात पायरी गाळलेली ह्यांना खपायची नाही, मग इथे कशी खपेल? इतकी वर्षं मीठ खाल्लेला माणूस एका रात्रीत पलटतो कसा? त्याला हवं काय होतं? डोकं खाऊन खाऊन शेवटी एक सीन लिहून घेतलाच. हवालदाराची लेक शत्रूच्या छावणीत अडकलेली असते. दार उघडलं नाही तर ती मरणार. तो सीन करताना लाइटवाली पोरंसुद्धा गप्प झाली होती म्हणे.

एपिसोड लागला.

तो सीन कापलेला.

गावाने बघितलं ते एवढंच: माझा नवरा पोटभर जेवला, मिशीला पीळ दिला आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने माझा डबा बाजूला सरकवला. "फितूरना घरनं दळन आम्ही दळतस नही."

मला वाटलं थट्टा आहे. मी हसले. दुसरं कोणीच हसलं नाही.

ती सिरियल आहे हे सगळ्यांना कळत होतं. मला त्याचीच भीती वाटायची. ज्याला कळत नाही त्याला समजावता येतं. कळून-सवरून जो दात खातो, त्याला काय सांगणार?

शाळेत फळ्यावर 'फितूर' लिहिलेलं सापडलं. संध्याकाळी घराच्या पत्र्यावर दगड पडला. मला सातवा महिना. पत्रा वाजला की पोटातलं बाळ दचकायचं आणि त्याच्यासोबत मी.

आणि पुढच्या रविवारी किल्लेदार मरणार होता. स्क्रिप्ट ह्यांना ठाऊक. गावाचा जीव त्या किल्लेदारावर.

मी हातापाया पडले. "शनिवारीच पाचोऱ्याला जाऊ, माझ्या आईकडे."

"पळालो तर फितूरच ठरलो की."

"ठरा! पण जिवंत राहा!"

नाही ऐकलं. मास्तरच ते.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. ग्रामपंचायतीतल्या टीव्हीचा आवाज घरात यायचा. तलवारी, मग एक किंकाळी, मग शेवटचं संगीत.

मग सगळं शांत.

मग चपलांचा आवाज.

मी कडी लावली. धान्याची कोठी दाराला लोटली. त्या अवस्थेत ती कशी हलली, देव जाणे. 

"मास्तर, बाहेर या!"

हे शांतपणे उठले, कोठी सरकवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

एका पोराच्या हातात तेलात कालवलेल्या काजळीची वाटी. मागे गाढव. सगळ्यांच्या पुढे काठी टेकत आबा, ज्यांचा शब्द गावात कोणी मोडत नसे.

मी मागून ह्यांचा सदरा ओढत होते. "सांगा ना, मी नुसता नट आहे! लिहिलं तेवढं केलं!"

आबांनी विचारलं, "मास्तर, दार काबर उघाडं?"

आणि ह्या माणसाने, एवढ्या गर्दीसमोर, कापलेला सीन सांगायला घेतला. लेक कशी पकडली, निरोप कोणी आणला, हवालदार किती वेळ दारापाशी नुसता बसून राहिला.  एक पायरी गाळली नाही.

आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"अन् तठे तुनी पोर ऱ्हाती तं?"

हे मागे वळले. माझ्या पोटाकडे बघितलं.

मी जोरजोरात मान हलवत होते. नाही म्हणा. एकदा तरी खोटं बोला.

"उघडलं असतं, आबा."

मी डोळे गच्च मिटले. वाटलं, संपलं आता. लेकरू बाप बघणार नाही.

काठी दगडावर आपटल्याचा आवाज आला.

"गधडं सोडी द्या रे," आबा म्हणाले. "मास्तर खरं बोलना."

पोरं कुरकुरली, पण आबांपुढे कोणाची टाप? काजळीची वाटी आमच्याच ओट्यावर टाकून गेली. गिरणीवाल्यानेही दळण घेतलं, वर पीठ चाळून दिलं.

माझी भीती मात्र गेली नाही. आता मला ह्यांचीच भीती वाटायला लागली. एकदा विचारलंच, "आपल्या एका लेकरासाठी अख्खा किल्ला मरू दिला असता तुम्ही?"

"हो. आणि जन्मभर झोपलो नसतो."

असल्या माणसाशी संसार करायला छाती लागते. मी केला. ह्यांनी पुन्हा रोल कधी घेतला नाही.

गेल्या वर्षी दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना ह्यांनी विचारलं, "घाबरलीस?"

मी म्हणाले, "छे, मी कशाला घाबरू?"

तेच आमचं शेवटचं बोलणं.

घाबरले होते हो. खूप घाबरले होते. तुमच्यासारखं खरं बोलायची हिंमत मला तेव्हा झाली नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतेय.

अजूनही घाबरतेच. तरी राहतेय.

मास्तर, जिथे असाल तिथे सुखरूप असा. तुमच्या बायकोचा नमस्कार.