फोलमत

त्या दिवसांत समुद्रापलीकडच्या एका देशात, पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाची विशेष चौकशी करावी की नाही यावर वाद पेटला होता. सगळं जग त्यावर भांडत असताना नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनचं मराठी मंडळ मागे कसं राहील? शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग चालायचा, तेव्हा आम्ही पालक सभागृहाच्या स्वयंपाकघरात चहा उकळत त्या राष्ट्राध्यक्षाचा निकाल लावायचो. "पदावर असताना चौकशी नको, कामकाज थांबतं," असं कुणी म्हणालं की आमच्या मंडळाचे अध्यक्ष हातातला कप खाली ठेवायचे. "खुर्चीवर बसलाय म्हणजे कायद्याच्या डोक्यावर बसलाय का तो? पदावर आहे म्हणूनच आधी चौकशी." सगळे माना डोलवायचे. त्यात माझा नवरा सर्वांत पुढे.

अध्यक्षांना आम्ही दादा म्हणायचो. इथे मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती तेव्हा ते आले, आणि चिप बनवायच्या मशीनच्या कंपनीत नवऱ्याच्याच मजल्यावर बसायचे. मी नवऱ्याच्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून आले. नवरा कामावर होता म्हणून नगरपालिकेत नोंदणीला मला दादाच घेऊन गेले. सायकलवरून मी पहिल्यांदा आडवी झाले, तेव्हा सायकल उचलून देत म्हणाले, "वहिनी, इथे पडल्याशिवाय कुणी रहिवासी होत नाही." माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना तसं वाटणार नाही.

नगरपालिकेतल्या त्या दिवसाची एक गोष्ट मला फार आवडली होती. इथे बाईचं लग्न झालं तरी सरकारी कागदावर तिचं जन्माचंच नाव राहतं. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव होतं, तेच त्यांनी मुकाट्याने लिहून घेतलं. पुण्यात बँकेपासून सोसायटीपर्यंत ज्या नावासाठी मी हुज्जत घातली, ते इथे कुणी विचारलंसुद्धा नाही. खाली मी देवनागरीत सही केली, माहेरच्या आडनावासकट. माझी सही तेव्हाही तीच होती, आजही तीच आहे.

इथल्या निवडणुकीत एक सोय आहे. स्वतः जाता येत नसेल तर मतदानाच्या कार्डामागे सही करून ते शेजाऱ्याला द्यायचं. तो आपल्या मताबरोबर तुमचंही देऊन येतो. डच लोक याला फोलमाख्त म्हणतात, म्हणजे पूर्ण अधिकार. आमची निम्मी माणसं कायम कंपनीच्या दौऱ्यावर, म्हणून दादांनी ही सोय मंडळाच्या निवडणुकीतही आणली. महिन्याभरात आमच्या जिभांनी त्याचं फोलमत करून टाकलं. मराठीत फोल म्हणजे दाणा गेलेलं टरफल, हे कळून सगळे त्यावर हसायचे, मीही हसले. डच कायद्यात एका माणसाला दुसऱ्यांची दोनच मतं नेता येतात. ती अट तेवढी आणायची राहून गेली.

त्या वर्षी दादांच्या विरुद्ध माझी एक मैत्रीण उभी राहिली. तीही माझ्यासारखीच डिपेंडंट म्हणून आलेली, आता घरी पाळणाघर चालवणारी. माझं मत तुला, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. नेमकी निवडणुकीच्याच दिवशी युट्रेख्टला माझी डच भाषेची परीक्षा लागली, ती लांबली, आणि मी परतेपर्यंत मोजणी झाली होती. मैत्रीण मोजक्या मतांनी पडली. "अगं, माझं मत बुडालं," म्हणून मी तिची माफी मागितली, तर ती म्हणाली, "जाऊ दे गं, एका मताने काय होतंय."

पुढे चिटणीसपद कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. बरोबर आला मंडळाच्या कागदांनी भरलेला बिस्किटांचा डबा. एका दुपारी जेवणाच्या टेबलावर मी तो उपडा करून आवरायला बसले. तळाशी रबरबँड लावलेला फोलमतांचा गठ्ठा होता. वतीने मत टाकणारा म्हणून प्रत्येकावर दादांचं नाव, आणि बहुतेक सगळ्या चिठ्ठ्या बायकांच्या. त्यांत एक माझी होती. खाली इंग्रजीत सही, सासरच्या आडनावाची, आणि आडनावाखाली ती लांब शेपटी, जी मी अकरा वर्षं नवऱ्याच्या प्रत्येक सहीखाली बघत आले होते.

माझं मत बुडालं नव्हतं, ते दादांना पडलं होतं.

नवरा कामावरून आल्यावर मी चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती बघितली आणि शांतपणे बूट काढले.

"अगं, तू नव्हतीस. दादा म्हणाले घरातली मतं वाया नको जायला. म्हटलं देऊन टाकू."

"मला फोन का नाही केलास?"

"तुझी एक्झाम चालू होती. आणि आपण दादांनाच देणार होतो ना?"

"आपण म्हणजे कोण?"

खरं सांगते, त्याने मुद्दाम फसवलं असतं तर मला कमी राग आला असता. त्याला माझं मत निराळं असेल ही शंकाच आली नव्हती, आणि त्याचंच मला रडू आलं.

आमची मुलगी पलीकडे गृहपाठ करत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र डच. शाळेत त्यांनी खोटी खोटी निवडणूक घेतली होती. ती मान वर न करता डचमध्ये म्हणाली, "पण आई, फोलमाख्तवर सही तूच करायची असते. नाहीतर ती चोरी." नवरा उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: अध्यक्षांनी वापरलेल्या फोलमतांची विशेष चौकशी व्हावी, आणि ती ते पदावर असतानाच व्हावी. कोणाचंही नाव लिहिलं नाही. तासाभरात ग्रुपवर रण माजलं. गंमत अशी की वाक्यं सगळी जुनीच होती, फक्त माणसांनी बाजू बदलल्या होत्या. दूरच्या राष्ट्राध्यक्षाला काल फासावर चढवणारे आज म्हणत होते, पदाचा काही मान आहे की नाही, गणपती तोंडावर आलाय, कामकाज थांबेल, मुदत संपली की बघू. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. एकाने लिहिलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी उत्तर दिलं, मुठीत माझं मत आहे, ते मला परत हवंय.

शेवटी शनिवारी सभा घ्यायचं ठरलं, आणि संध्याकाळी दादांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"वहिनी, चौकशी जरूर करा. माझी ना नाही. पण पहिला कागद तुमच्याच घरचा निघेल. ऑफिसात लोक तुमच्या नवऱ्याला हसतील. मला तुमची काळजी वाटते हो."

"दादा, त्या चिठ्ठ्यांवर बायकांनी स्वतः सह्या केल्या होत्या का, हे तुम्ही कुणाला विचारलं?"

"अहो, नवऱ्याने दिली म्हणजे बायकोने दिलीच की. आपल्यात असं असतं का?"

आपल्यात. पुन्हा तेच. फोन ठेवला तेव्हा माझं मन एकदम जागेवर आलं होतं. त्यांच्याकडे हुकमाचं पान एकच होतं, माझ्या नवऱ्याचं. ते त्यांच्या आधी मीच टेबलावर टाकलं तर त्यांच्या हातात काही उरत नव्हतं. मी नवऱ्याला तसं सांगून टाकलं. तो म्हणाला, "माझं हसं करणार तू." मी म्हटलं, "तू शनिवारी येऊ नकोस हवं तर. पण मी बोलणार." चार दिवस आम्ही एकमेकांशी दूध संपलंय आणि डबा घेतलास का एवढंच बोललो.

तो आला. मुलीला घरी ठेवून आम्ही दोघं सायकलींवर, एकामागे एक, सभागृहात पोचलो. खुर्च्या कमी पडल्या होत्या. ज्याची चौकशी करायची तोच माणूस सभेचा अध्यक्ष, आणि "शांत राहा, शांत राहा" म्हणत होता. आधी पदावरच्या अध्यक्षाची चौकशी करता येते का यावरच पाऊण तास गेला. मग मी उठले.

"पहिला कागद माझ्याच घरचा आहे," मी म्हणाले आणि चिठ्ठी वर धरली. "यावर नाव माझं आहे. सही माझी नाही. मला ज्यांना मत द्यायचं होतं त्या इथे बसल्या आहेत, आणि माझं मत त्यांच्या विरुद्ध पडलं. या गठ्ठ्यात आणखी चिठ्ठ्या आहेत. प्रत्येकीने आपापली येऊन बघावी, एवढंच माझं म्हणणं आहे."

"मग सही कुणाची?" मागून कुणीतरी विचारलं.

सांगणार होते, रात्रंदिवस तेच घोकून आले होते, पण ऐन वेळी माझी जीभ वळेना. शेजारची खुर्ची सरकली.

"माझी," नवरा म्हणाला. "मी तिला विचारलं नव्हतं."

कुणीही हसलं नाही. एक बाई उठली आणि गठ्ठ्यापाशी आली. मग दुसरी. दादांनी घाईने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, हात वर करून ठरवू. गर्दी आहे, घरटी एकच मत धरा." आणि सवयीनेच, माझ्याकडे न बघता, त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुमच्या घरचं काय? हो की नाही?"

नवरा अजून उभाच होता. त्याचे कान लाल झाले होते.

"माझं 'नाही'," तो म्हणाला. "दादांची अशी चौकशी करावी असं मला वाटत नाही. पण ते माझं झालं. तिचं तिला विचारा."

दादांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला. पाळणाघरवाल्या मैत्रिणीचा वर गेला, गठ्ठ्यापाशी उभ्या असलेल्या बायकांचे गेले, आणि मागच्या रांगांत कुठे नवऱ्यांचे, कुठे बायकांचे, कुठे दोघांचे. चौकशी मंजूर झाली.

परतताना सायकली शेजारीशेजारी होत्या. घरी मुलीने दार उघडल्या उघडल्या विचारलं, कोण जिंकलं, तू की बाबा? नवऱ्याने हेल्मेट काढून खुंटीला लावलं आणि म्हणाला, "आपल्या घरात बरोबरी झाली. एकास एक."