अहिल्याताईंचं मराठी पान

आमच्या डॉक्टर अहिल्या फोग्ट जर्मन बोलायला लागल्या की अस्सल स्टुटगार्टच्या, आणि मराठी बोलायला लागल्या की थेट साताऱ्याच्या. वडील त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात फिटर म्हणून आले तेव्हा ह्या चार वर्षांच्या होत्या. मराठी उचललं ते आईच्या तोंडून, स्वयंपाकघरात. पुण्याहून आलेली एखादी आयटीवाली मुलगी तपासणीच्या टेबलावर अवघडून बसली की ह्या विचारायच्या, “काय गं, लय दुखतंय व्हय?” मुलगी आधी दचकायची, मग हसायची, आणि मग मनातलं सगळं सांगून मोकळी व्हायची. मी संध्या, त्यांच्या प्राक्सिसमध्ये, म्हणजे बायकांच्या दवाखान्यात, फोन घेण्यापासून रक्त काढण्यापर्यंत सगळं करणारी. डॉक्टर लोक मी पुष्कळ पाहिले, पण पेशंटच्या पायात मोजे घालून देणारी डॉक्टर ही एकच.

मराठी लिहिता मात्र यायचं नाही त्यांना. शाळाच झाली नाही ना मराठीत! माझ्या नावातला जोडाक्षराचा भाग काढताना त्यांची जीभ बाहेर यायची. सगळी गडबड तिथूनच सुरू झाली.

झालं असं की एक मुलगी आली. मालविका म्हणू या. खरं नाव सांगणार नाही. नवरा झिंडेलफिंगेनला नोकरीला, हिला जर्मनचं अक्षर येत नाही. तिला मूल नको होतं. का नको होतं ते तिचं ती जाणे. इथे गर्भपात करून घेता येतो, पण त्याची रीत आहे. आधी सल्ला केंद्रात जाऊन तिथला कागद आणायचा, मग तीन दिवस थांबायचं, आणि बारा आठवड्यांच्या आत सगळं आटपायचं. हे तिला कुणी सांगितलंच नाही. ती नुसती ह्या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत राहिली, आणि आमच्याकडे पोचली तेव्हा मुदत संपून गेली होती. शेवटी हॉलंडला गेली बिचारी, तिथे मुदत जास्त असते. तिला स्टेशनवर सोडायला अहिल्याताई स्वतः गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, वेबसाइटवर लिहून ठेवायचं ना! अहो, तीच तर मेख. तेव्हाचा कायदा असा की डॉक्टरने ‘आम्ही गर्भपात करतो’ एवढं एक वाक्य लिहावं. कसा करतो, गोळ्यांनी की शस्त्रक्रियेने, आधी काय, नंतर काय, यातलं काही लिहिलं की गुन्हा. जाहिरात म्हणे! साबण विकतोय का आम्ही?

अहिल्याताईंनी जर्मन पानावर कायद्यात बसणारं ते एक वाक्य ठेवलं. आणि ठरवलं, की आपल्या मुलींसाठी मराठीत सगळं लिहायचं. मी म्हटलं, “ताई, कायदा काय फक्त जर्मनला आहे का?” तर म्हणाल्या, “आगं, मराठी कोन वाचतंय हितं?”

ही आपल्या लोकांची खोड बघा. ट्रॅममध्ये समोरच्या बाईच्या टकल्या नवऱ्याबद्दल आपण खुशाल मोठ्याने बोलतो, कारण मराठीत बोललं म्हणजे घरातल्या घरात बोललं. मीही बोलते, खोटं कशाला सांगू. अहिल्याताईंनी तेच केलं, फक्त इंटरनेटवर.

लिहायचं कुणी? तर निशिगंधाने. पूर्वी मी तिला ताई म्हणायचे, आता नाही म्हणत. ही आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष, आणि कोर्टाची शपथ घेतलेली भाषांतरकार. इथल्या मराठी माणसाचं लग्न असो की बारसं, त्याचा दाखला हिच्या शिक्क्याशिवाय पुढे सरकत नाही. अहिल्याताईंची तर जिवाभावाची मैत्रीण. दर रविवारी एकीच्या घरी दुसरीचं जेवण ठरलेलं. तर अहिल्याताईंच्या स्वयंपाकघरात बसून हिने ते पान लिहिलं. मी तिथेच कांदे चिरत होते. अहिल्याताई सांगत होत्या तसं लिहायला ती तयारच होईना. म्हणाली, “घाबरलेल्या मुलीशी असं कोरडं बोलतात का गं? मी लिहिते बघ.” आणि खरंच सुंदर लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, ‘तू एकटी नाहीस.’ वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

पान चाललं छान. मुली वेळेत यायला लागल्या. आणि मग उन्हाळ्यात पोलिसांचं पत्र आलं.

कोलोनला बसलेला कुणी एक निवृत्त गृहस्थ. ना आमचा पेशंट, ना कुणाचा नातेवाईक. कुणाचं काही बिघडलेलं नसताना हा दिवसभर डॉक्टरांच्या वेबसाइटी चाळायचा आणि सापडेल त्याच्यावर आन्झायगे, म्हणजे पोलीस तक्रार, ठोकायचा. छंद आहे म्हणे! कुणी तिकिटं जमवतं, हा डॉक्टर जमवायचा. आमचं मराठी पान त्याने कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घेतलं आणि दिलं पाठवून. सरकारला स्वतःहून काही करायलाच नको, असे रिकामटेकडे असले की झालं.

निशिगंधा त्याच संध्याकाळी धावत आली. चेहरा पांढराफटक. “अहिल्या, माझं नाव घेऊ नकोस गं. शिक्का जाईल माझा. शपथ घेतलेली आहे मी.” अहिल्याताई म्हणाल्या, “पान माजं, जबाबदारी माजी. तुजं नाव कशाला यील?” आणि पोलिसांना, स्वतःच्या वकीलबाईंनासुद्धा, त्यांनी एवढंच सांगितलं की पानाला मी जबाबदार आहे.

गणपतीत मंडळाने अहिल्याताईंना आरतीला बोलावलं नाही. दरवर्षीचा पहिल्या दिवसाचा मान त्यांचा. “वातावरण जरा निवळू दे,” असं अध्यक्षबाई म्हणाल्या, ताईंचे दोन्ही हात हातात घेऊन. “मी आहे ना तुझ्यापाठी.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बायका लपूनछपून आमच्याकडे येऊन गेल्या होत्या, त्या मोदकांची ताटं घेऊन मिरवत होत्या. ताई मात्र म्हणाल्या, “आसू दे. निशी हाय की.”

थंडीत खटला उभा राहिला. वकीलबाईंचा बेत मोठा होता. सुटलो तर उत्तम, नाहीतर अपील, आणि वर वर जात थेट ह्या कायद्यालाच आव्हान. अहिल्याताईंना सुटायचं होतं. परवान्याला डाग नको, आणि ते पान परत चढवता यावं, एवढीच त्यांची इच्छा.

कोर्टाला कॉम्प्युटरचं भाषांतर चालेना, म्हणून शपथेवरचा भाषांतरकार बोलावला होता. दार उघडलं आणि निशिगंधा आत आली.

मला आधी आनंदच झाला, काय सांगू! वाटलं, आपलं माणूस आलं. ताईसुद्धा खुर्चीत सावरून बसल्या, हसल्या तिच्याकडे बघून. ती काही हसली नाही.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, “आरोपी तुमच्या ओळखीच्या आहेत का?”

“नाही,” निशिगंधा म्हणाली. “समाजाच्या कार्यक्रमात कधी दिसल्या असतील. ओळख नाही.”

“हा मजकूर पूर्वी पाहिला होता?”

“नाही.”

आणि मग तिने स्वतःच लिहिलेलं पान वाचायला घेतलं. ‘तू एकटी नाहीस’ हे वाक्य तिने जर्मनमध्ये असं वाचलं, जसं कुणी औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं. न्यायाधीशबाईंनी विचारलं की यात नुसती माहिती आहे की बोलावणंही. तर म्हणाली, “मराठी वाचकाला हे बोलावणं वाटेल.” केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मी उठलेच. ओरडणार होते की हिनेच लिहिलंय, माझ्यासमोर लिहिलंय! अहिल्याताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. मी मूग गिळून खाली बसले.

मधल्या सुट्टीत मी भांडले त्यांच्याशी. “एक वाक्य बोला फक्त! तिचं भाषांतर कचऱ्यात जाईल.” “मी शब्द दिलाय, संध्या. तिनं आपल्या तोंडानं सांगाय पायजे हुतं. दार उगडून आत आली तवा मला वाटलं, सांगायलाच आलीया.” एवढं म्हणून त्या रडल्या. आईच्या मयतीला न रडलेली बाई कोर्टाच्या जिन्यात रडली.

दंड झाला. गुन्हेगार म्हणून नाव लागलं. त्याच आठवड्यात निशिगंधाचा फोन आला, मीच उचलला. “काम नाकारलं असतं तर कारण विचारलं असतं गं त्यांनी. माझी बाजू तरी समजून घ्या.” मी फोन आपटला. वकीलबाईंनी अपील केलं, मग कोरोना आला, कागद वर सरकत राहिले. आणि बावीस सालच्या उन्हाळ्यात संसदेने तो कायदाच काढून टाकला. जुन्या शिक्षासुद्धा रद्द. अहिल्याताईंच्या नावावरचा डाग गेला. मी पेढे आणले. त्यांनी अर्धा खाल्ला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या काउंटरसमोर निशिगंधा उभी. बरोबर तिची सून नैना, पुण्याहून नुकतीच आलेली, मान खाली घालून. नैना कशासाठी आली होती ते मी सांगणार नाही, आमच्या धंद्यात गुप्ततेची शपथ आम्ही पाळतो. पण घराजवळचे चार डॉक्टर सोडून सासू सुनेला आमच्याकडे घेऊन आली, यावरून काय ते समजा.

“संध्या, अहिल्याला सांग ना,” ती हळूच म्हणाली. “आपलीच माणसं आहोत.”

सांगायची वेळच आली नाही. अहिल्याताई स्वतः बाहेर आल्या. नैनाच्या पाठीवर हात ठेवला. “ये बाय. भ्यायचं न्हाय.” मुलगी त्यांच्यामागून निघाली, आणि निशिगंधाही पर्स सावरत मागोमाग निघाली.

“तू न्हाय,” ताई म्हणाल्या. “ती एकटी यील.”

“अगं, सासू आहे मी तिची! आणि आपली इतक्या वर्षांची ओळख...”

अहिल्याताईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“वळख न्हाय, आसं कोर्टात शपथेवर सांगितलंस न्हवं?” त्या म्हणाल्या. “मग न्हायच. भाईर बस.”

दार लागलं. निशिगंधा उभीच राहिली, मग माझ्याकडे बघायला लागली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी फोन उचलून कानाला लावला. तो वाजलाच नव्हता.