पुसल्यावर उरतं तेवढं तेल

भिवंडीजवळच्या टेमघरच्या तेलमामीचा हात हातात घेतला की मासोळीसारखा निसटायचा. कोपरापर्यंत तेल आणि त्यावर मातीचा पातळ थर. घराची कडीसुद्धा ती पदराने धरून उघडायची. मामी कुंभारीण. लाकडी साच्यात माती दाबून पणत्या, हत्ती, मोर काढायची आणि माती चिकटू नये म्हणून साच्याला आधी तेल लावायची. त्यावरूनच तिला हे नाव पडलं होतं.

मी तिच्याकडे गेले ती हरून. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या वस्तीत नवं बुद्धविहार बांधून झालं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. उद्घाटनाला प्रत्येक घरासाठी भाजलेल्या मातीचा बुद्धाचा चेहरा करून देईन, असं भर सभेत बोलून बसले. सुताराकडून सागवानी साचा कोरून घेतला. पण माती बाहेर काढली की नाक साच्यातच राहायचं. माझा दीर नारपोलीला कापडाच्या लूमवर कामाला होता, त्याने मशीनचं तेल आणून दिलं. ते मी सढळ हाताने ओतलं. आता नाक सुटायचं, पण ओठ आणि पापण्या गायब! उद्घाटनाला बारा दिवस उरले होते.

मामीने फसलेल्या चेहऱ्यांची टोपली बघितली आणि पोट धरून हसली. "बाय, तुझा साचा नाक चोरतोय व्हय?" मग एक चेहरा उचलून म्हणाली, "ह्यो देव डोळं मिटून का बसलाय?"

"देव नव्हेत मामी, बुद्ध. ध्यान करतायत. श्वासाकडे लक्ष आहे त्यांचं."

"मंग नाक नीट पायजेच की!"

तिने साबणाने घासून मशीनचं तेल काढलं, साचा उन्हात वाळवला. चिंधीवर थोडं गोडं तेल घेऊन खाचाखाचांतून फिरवलं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसूनही टाकलं. मी चकित झाले. "पुसल्यावर उरतं तेवढंच तेल," ती म्हणाली. "जादा लावलं का माती लाजते. खाचंत शिरतच न्हाय." माती दाबली, साचा उलटा करून पाठीवर दोन चापट्या मारल्या, आणि नाकासकट अख्खा चेहरा माझ्या तळहातावर आला. मी ओरडलेच.

पुढे भट्टीची धास्ती. तेलाने डाग पडले तर? "तेल काय, आग दिसली का पयलं तेच पळतं," मामी म्हणाली. तसंच झालं. राखेतून लालभडक चेहरे निघाले. एकाच्या गालावर तडा गेला होता. तो मी बाजूला ठेवला तर मामीने पटकन उचलला. "ह्यो मला दे. हसतोय बघ कसा."

उद्घाटनाला यायला ती बिचकत होती. "मी कुंभारीण, तिथं काय करू?" मी हात धरून नेलं आणि पुढच्या रांगेत बसवलं. विहार समितीच्या आजोबांनी तिला फूल दिलं, दोन शब्द बोला म्हणाले. मामीने एक चेहरा उचलला, उलटा केला आणि माईकसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "पुढून समदेच बघतात. पाठ बघा, पाठ! कशी भाजलीया!" सगळं विहार हसलं.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली. तिची आठवण आली की मला अंबाडी गावातली एक दुपार दिसते. नव्वदनंतर ती तिथे लेकीकडे राहायला गेली होती. आता तरी म्हातारी विसावली असेल, अशा समजुतीने मी भेटायला गेले, तर जावयाच्या अंगणात नवी भट्टी, आणि भोवती पाच-सहा बाया माती मळत बसलेल्या. मामी त्यांना म्हणाली, "ही माजी बाय. शाळंत मास्तरीण हाय, पन माती माज्याकडं शिकली." मला चहा विचारायच्या आधी तिने साचा पुढे सरकवला. मी पदर खोचून बसले. वाडा गावाहून येणारी माझी परतीची एसटी समोरच्या नाक्यावर थांबली, कंडक्टरने घंटी मारली, गाडी भिवंडीकडे निघूनही गेली. आम्ही दोघींनी मान वर केली नाही.