मेणातलं भोक

कोल्हापुरातल्या जनावरांच्या रोगांच्या एका प्रयोगशाळेत काचनळ्यांना मेण लावायचं काम बाबालालचं. नळ्यांत गाईंचा गर्भ पाडणारा जंतू पोसलेला असायचा; वळूकडून गाईला लागणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्या मेल्याला हवेचं वावडं! म्हणून बाबालाल नळीच्या तोंडाशी वितळलेलं मेण अगदी बेतानं ओतायचा. प्रयोगशाळेचे मुख्य डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, "हात बघावा तर आमच्या बाबालालचा." तेवढ्या कौतुकावर त्याने ऐन उमेदीची वर्षं काढली होती.

शहात्तर साली पन्हाळ्याकडचा गुंडू नोकरीला लागला. मॅट्रिक झालेला, तोंडाचा गोड. डॉक्टर त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवू लागले, आपल्या किटलीतला चहा देऊ लागले. आणि एक दिवस मेणाचं भांडंही त्याच्याच हाती गेलं. बाबालालच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्री बायकोने, हुसेनबीने, ताट वाढलं तर म्हणाला, "भूक न्हाय." भूक होती, पण ताट त्याने बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले, तसा तो गुंडूच्या नळ्यांपाशी गेला. आत हवा गेली की जंतू मरणार आणि गुंडूची फजिती होणार, एवढंच त्याला हवं होतं. पण मेण उचकटायला हात धजेना. इतकी वर्षं जे मेण आपण जपून लावत आलो, त्याची नासधूस त्याच्याच्याने होईना. शेवटी तापवलेल्या सुईने त्याने बारीक भोकं पाडली आणि कडा बोटाने साफ केल्या.

सकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना हाका मारल्या. आता बघा गंमत, असं मनात म्हणत बाबालाल आत गेला. बघतो तर डॉक्टर हसताहेत! जंतू मेले नव्हते, सूक्ष्मदर्शकाखाली चांगले वळवळत होते. फक्त नळीतल्या पोषक रसातून एरवी वर येणारे वायूचे बुडबुडे थांबले होते.

"जास्त हवा लागली तर मरतो," डॉक्टर म्हणाले, "पण थोडीशीच मिळाली तर हा पठ्ठ्या ती वापरून टाकतो, आणि खाल्लेलं वेगळ्या रीतीने पचवतो, म्हणून बुडबुडे थांबले. गुंडू, एवढं बारीक भोक पाडायचं सुचलं कसं रे तुला?"

गुंडूने मेणाकडे पाहिलं. क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "सुचलं, सायेब."

बाबालाल मनात म्हणाला, चोर म्हणावं तर कुणाला?

"बाबालाल, याच्या शेजारी बस," डॉक्टर म्हणाले. "भोक कसं पाडायचं ते शिकून घे. तुझा हात आता जड झालाय."

"जी, साहेब."

गुंडूने नव्या नळीच्या मेणात सुई खुपसली. मेण तडकलं.

"असं करायचं बगा, चाचा."

"व्हय," बाबालाल म्हणाला.