झापांआडची भिंत

आवाज आला तेव्हा मी नाटे गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्याचा अर्ज लिहीत होतो. आठ दिवस धो धो कोसळून पाऊस त्या सकाळी उघडला होता. कचेरीच्या आवारात ऊन पडलं होतं आणि दाव्याच्या तारखेला आलेली माणसं ओल्या छत्र्या वाळत घालून बसली होती. आवाज फार मोठा नव्हता. गाडीतून चिरे ओतावेत तसा... खालच्या आळीतून आला आणि थांबला. म्हाताऱ्याने विचारलं, "काय ओ झालं?" मी म्हणालो, "काही नाही," आणि त्याच्या अर्जातली ओळ पुरी केली. खरं तर मला त्याच क्षणी कळलं होतं. द्वारकावयनींच्या स्वयंपाकघराची भिंत गेली होती. ती ओळ पुरी करायला मी का बसून राहिलो, हे गेले पाच आठवडे मी स्वतःला विचारतो आहे.

द्वारकावयनी म्हणजे माझ्या मित्राची, दत्तारामची बायको. दत्ताराम मालाच्या गलबतावर तांडेल होता. पंचवीस सालाच्या आसपास त्याचं गलबत बंदरातून गेलं ते परत आलंच नाही. वयनी तेव्हा मुलीला घेऊन बंदराजवळ दोन खोल्यांत राहत. घर लहान पण ठणठणीत, कातळावर बसलेलं. समुद्र खवळला तरी त्याचं कौल हलत नसे. पण त्या घरात चूल पेटायची ती दिवसातून एकदा. सुकी मासळी विकून मायलेकींचं भागेना. मी कचेरीच्या दाराशी पेटी मांडून लोकांचे अर्ज लिहिणारा, त्यामुळे जगाची भूक मला बसल्या जागी दिसे. केळशी-बुरोंडीपासून नाट्यापर्यंतची माणसं तारखेला यायची आणि चणे-कुरमुऱ्यांवर दिवस काढायची. मीच वयनींना म्हणालो की कचेरीच्या खालच्या आळीत एक घर भाड्याने आहे, तिथे खानावळ घाला. घर दाखवायलाही मीच गेलो. तेव्हा भिंत पाहिली का? पाहिली असेल. मी मोजली ती पावलं. घरापासून कचेरीच्या फाटकापर्यंत सव्वाशे भरली, आणि मी खूश झालो.

खानावळ चालली, आणि अशी चालली की बोलायची सोय नाही. कचेरी अकराला उघडायची, म्हणून वयनींची पंगत दहाला बसे. एकाच दाव्यातले वादी आणि प्रतिवादी मांडीला मांडी लावून जेवत. एकदा दोघे भाऊ पानावरच हमरीतुमरीवर आले, तेव्हा वयनी हातात पळी घेऊन उभ्या राहिल्या. "दावा वर न्हेवा. हितं आमटी हाय, ती थंड होतेय." दोघेही मुकाट्याने जेवले. हरलेल्याला त्या भात जरा जास्तच वाढत. माझ्या धंद्याची थट्टा करायची संधी त्यांनी कधी सोडली नाही. "भावोजी, तुमी लिवता म्हणून मानसं भांडतात, आनि मानसं भांडतात म्हणून माजी चूल पेटतेय. दोगंबी पापी," असं म्हणून हसायच्या. त्या चुलीवर मुलीचं लग्न झालं, बुरोंडीला चांगल्या घरी पडली. बंदराजवळच्या खोल्यांत ते झालं नसतं, हे मी आजही म्हणेन. घर पक्कं आहे की नाही हे गावात नंतर बघतात, आधी बघतात ते घर कुठे आहे.

आता त्या भिंतीविषयी. पश्चिमेची, जांभ्या चिऱ्यांची, पण चुन्यात न बांधता नुसत्या मातीत रचलेली. मालक मुंबईला. पत्र टाकलं की उत्तर ठरलेलं... पुढल्या उन्हाळ्यात बघू. आमच्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून, म्हणून मृगाच्या आधी प्रत्येक घर त्या अंगाला माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधून घेतं. दिवाळीच्या तोंडावर ते सोडायचे. म्हणजे पावसाचे चार महिने भिंत डोळ्यांआड. भिंतीचं जे काही होतं ते नेमकं याच चार महिन्यांत होतं, पण झाप बांधले की आम्ही कोकणातली माणसं भिंतीची काळजी सोडून देतो. एका दिवाळीला झाप सोडले तर कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट होती. वयनींनी शेण-माती भरून सारवली. पुढच्या दिवाळीला तिथे माझी तीन बोटं मावली असती, आणि मधले चिरे पोट पुढे काढल्यासारखे दिसत होते.

मी त्याच आठवड्यात नगरपालिकेला अर्ज लिहिला. आयुष्यात इतका चांगला अर्ज मी लिहिला नसेल. पंगत उठल्यावर वयनींना वाचून दाखवला. त्यांनी पदराला हात पुसत शेवटपर्यंत ऐकला.

"झ्याक लिवलाव," त्या म्हणाल्या. "पन देऊ नका."

"का?"

"ते येनार, घर धोक्याचं म्हणनार, नि मला भायेर काडनार. मंग मी जाव कुटं? बंदरावर? तितं कोन येतंय जेवाय?"

"वयनी, भिंत पडेल."

"दुभत्या गायीच्या लाथा गोड मानाव्या लागतात, भावोजी," त्या म्हणाल्या आणि भांडी गोळा करायला लागल्या.

मी तो अर्ज दिला नाही. दुसऱ्याचं ऐकून घेणं हा माझा धंदाच आहे, असं मी मनाला समजावलं. त्याऐवजी मी जे केलं ते सांगायला हवं. यंदा मृगाच्या आधी मी माझ्या बागेतले झाप गाडीत घालून नेले आणि वयनींच्या भिंतीला दुहेरी थर बांधून दिला, अगदी घट्ट, वाऱ्याचीसुद्धा वाट न ठेवता. वयनींनी मला त्या दिवशी आग्रह करकरून जेवायला वाढलं. "आता समुद्र आला तरी भ्या नाय," म्हणाल्या. मीही निश्चिंत झालो.

त्या दिवशी दहाची पंगत जेवून कचेरीकडे गेली होती. श्रावण म्हणून मासळी बंद, वयनी संध्याकाळच्या उसळीसाठी भिंतीला टेकून वाल सोलत बसल्या होत्या. आम्ही चिरे उचलले तेव्हा वयनी गेल्या होत्या; सोललेल्या वालांचं ताट जसंच्या तसं होतं, वर थोडी माती. गवंडी आला, त्याने पडक्यातली माती मुठीत घेऊन दाबली. तिच्यातून पाणी निघालं. म्हणाला, "कौलांची पन्हळ आतनं गळतेय. पानी झापांच्या मागनं भिंतीत गेलं, आनि भायेर याय वाटच नाय. एवडं घट्ट बांधलं कोनी?" तिथे जमलेल्यांपैकी माझ्याखेरीज कुणालाही ते ठाऊक नव्हतं, आज इथे लिहितो आहे म्हणून कळेल.

मालकाने मात्र या वेळी पुढल्या उन्हाळ्याची वाट पाहिली नाही. तेच चिरे, तीच माती, पंधरा दिवसांत भिंत उभी राहिली. घर लगेच भाड्याने गेलं. केळशीकडची एक बाई, पदरात दोन मुलं, नवरा मुंबईला गिरणीत होता तो क्षयाने गेला. तिने वयनींच्याच चुलीवर खानावळ सुरू केली. गेल्या सोमवारी मी जुना अर्ज खिशात घालून तिच्याकडे गेलो. मनाशी ठरवलं होतं की हिला सगळं सांगायचं आणि हिने कितीही नको म्हटलं तरी अर्ज द्यायचा. मी सांगितलंही. तिने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाली, "मला ठाव हाय, भाऊ. म्हणून तर मला जागा गावली. दुसरं कोन घेत नव्हतं." आणि माझ्यासमोर पान मांडून भात वाढायला लागली.

अर्ज खिशातच राहिला. मी जेवायला बसलो... आणि बसताना पाट उचलून भिंतीपासून लांब, दारापाशी घेतला. तिने ते पाहिलं. दोन्ही मुलांचे पाट उचलून तिने माझ्या शेजारी, दारापाशी आणून ठेवले, आणि स्वतः चुलीकडे गेली. चूल भिंतीलाच लागून आहे.