पांढऱ्या चिठ्ठीची खुर्ची

धाकट्या दिराने तिला ‘लालचिठ्ठी’ म्हणायला सुरुवात केली ती थट्टेने. पुढे हेच नाव घरात रुळलं, शेजारी गेलं आणि ती ज्या लॉन्ड्रीत इस्त्री करते तिथेही पोहोचलं. ती रागावत नाही. हे नाव आपण कमावलेलं आहे, असं तिचं म्हणणं.

नावाचं मूळ चौकापलीकडच्या जुन्या सामानाच्या दुकानात आहे. लोकांनी घर बदलताना काढून टाकलेलं किंवा कुणाच्या पश्चात मुलांनी विकलेलं सामान तिथे येतं. आलेल्या वस्तूवर आधी किमतीची पांढरी चिठ्ठी लागते. शनिवारपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही की पिवळी, आणि पुढच्या शनिवारपर्यंतही नाही मिळालं तर लाल. लाल म्हणजे मूळ किमतीच्या जेमतेम निम्मी.

लालचिठ्ठीने पांढरी चिठ्ठी लावलेली वस्तू कधी घेतली नव्हती. पिवळीसुद्धा एकदाच, मुलीचे पाय एकाएकी वाढले आणि बूट लागले तेव्हा. बाकी पडदे, कढया, टेबलावरचा दिवा, नवऱ्याचा कोट, सगळं लाल. बाहेरच्या खोलीतला सोफाही लाल. तो इतका ठेंगणा आणि मऊ आहे की बसणाऱ्याला गिळून टाकतो. दीर म्हणतो, ‘‘वहिनी, ह्याच्यात बसायला तिकीट नाही, पण बाहेर यायला क्रेन लागते.’’

आता एखादी वस्तू डोळ्यांत भरली, तर ती लाल होईपर्यंत दुसऱ्याच्या डोळ्यांत भरू नये, एवढी काळजी घ्यावी लागते. लालचिठ्ठीची पद्धत साधी होती. वस्तू लपवायची नाही, अपुरी करून ठेवायची. बुटांचा जोड असेल तर एक बूट इथे, एक तिथे. भांडं असेल तर झाकण पुस्तकांच्या मागे. एका बुटाकडे आणि बिनझाकणाच्या भांड्याकडे कोण बघतं? दुकानाचा मागचा कोपरा, जिथे गाद्या उभ्या करून ठेवलेल्या असत, तो तिच्या खास विश्वासातला. दुकानदार काकांची तिला भीती नव्हती. त्यांच्या चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडाएवढी जाड, आणि लक्ष कायम कुठल्या तरी बिघडलेल्या रेडिओत. त्यांना हातभर अंतरावरचंही दिसत नाही, अशी तिची खात्री होती.

त्या वर्षी घरावर एकामागून एक काहीतरी येतच होतं. नवऱ्याच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला. मुलगी फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेते, असं शाळेने कळवलं, म्हणजे चष्मा आला. आणि सासरे न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, ते घरी आले आणि आतल्या खोलीतल्या पलंगावर आडवे झाले, ते आडवेच.

सासऱ्यांनी उभा जन्म बस चालवली होती. उंच सीटवरून जगाकडे खाली बघायची त्यांना सवय. हातगाडीवाले, सायकलवाले, रस्ता ओलांडणारे, सगळ्यांना ते काचेतून नावं ठेवत. घरातही तसंच. चहा पाणचट, पेपर उशिरा, नळाला पाण्याची धार बारीक. आता त्यांच्यासमोर फक्त छत होतं आणि छताला ते काही बोलत नव्हते. ताट पुढे केलं की चार घास खायचे आणि मान वळवायची. ‘‘कसं झालंय बाबा?’’ विचारलं तर ‘‘चांगलं आहे.’’ हे ‘चांगलं आहे’ ऐकून लालचिठ्ठी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा चव घेऊन बघे. लग्न होऊन आल्यापासून तिच्या हातच्या कुठल्याही पदार्थाला त्यांनी चांगलं म्हटलेलं नव्हतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘‘यांना उंच बैठकीची, मजबूत हातांची खुर्ची आणा. त्यातून आपल्या आपण उठायला लागले की चालतील. ह्या सोफ्यात बसवलंत तर पुन्हा हाड मोडून घ्याल. आणि नुसतं पडून राहिले तर मांड्यांतलं बळ जाईल. ते गेलं की मग खुर्ची आणून उपयोग नाही.’’

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी पैसे हातावर ठेवले. ‘‘नवी घे. मोठ्या दुकानातून घे. जाऊ दे एकदा.’’

‘‘नवी?’’ लालचिठ्ठी म्हणाली, जणू त्याने सोन्याची म्हटलं होतं. ‘‘मी बघते.’’

आणि तिला मिळाली. त्याच आठवड्यात दुकानात एक लाकडी खुर्ची आली होती. बैठक गुडघ्याच्या चांगली वर, पाठ सरळ, हात रुंद आणि पुढे गोल वळलेले, पकडायला हातात बसतील असे. वर घट्ट भरलेली गडद निळी गादी. लालचिठ्ठीने बसून पाहिलं, हातांवर भार देऊन उठून पाहिलं, पायांत लाकूडकिडा नाही ना ते नखाने टोकरून पाहिलं. चिठ्ठी पांढरी होती. पैसे पर्समध्ये होते. तेवढ्यात तिला मुलीचा चष्मा आठवला. खुर्ची लाल झाली तर उरलेल्या पैशांत चष्मा बसत होता. एका दगडात दोन पक्षी.

तिने गादी काढून मागच्या कोपऱ्यात उभ्या गाद्यांच्या मागे सरकवली. बिनगादीची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर एक विटका पडदा टाकला. काका रेडिओच्या पोटात स्क्रू फिरवत होते.

शनिवारी चिठ्ठी पिवळी झाली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. चाललं नव्हतं ते घरात. व्यायामाच्या बाई आल्या आणि सासऱ्यांनी पाय उचलायला नकार दिला. ‘‘दुखतंय’’ म्हणाले असते तर बरं होतं. म्हणाले, ‘‘कशाला?’’ बाईंनी बाहेर येऊन विचारलं, ‘‘खुर्ची आली नाही अजून?’’

‘‘येतेय. ह्या शनिवारी.’’

‘‘शनिवार तुमच्या सोयीचा आहे हो. त्यांच्या पायांना कुठे कॅलेंडर कळतं?’’

त्या संध्याकाळी नवराही बोलला. तो सहसा बोलत नाही. ‘‘मी पैसे दिले त्या दिवशी बाबा उशीला टेकून बसत होते. आता तेवढंही बसत नाहीत. तू काय वाचवतेयस, ते एकदा सांग मला.’’

तिने चष्म्याचं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘अगं, ती पुढच्या बाकावर बसेल महिनाभर. बाबा कुठे बसतील?’’

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत लालचिठ्ठी शर्ट इस्त्री करत होती. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. हात आपोआप चालतात, डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यात एकच गोष्ट येत राहिली: म्हातारा पलंगावर आहे आणि त्याची खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. अर्धा शर्ट तसाच टाकून तिने लॉन्ड्रीच्या मालकाला सांगितलं, ‘‘मी आलेच.’’ शनिवार अजून लांब होता. पिवळी तर पिवळी, ती आज घेणार होती.

दुकानात शिरताच तिला दुकान चुकल्यासारखं वाटलं. काका नव्हते. रेडिओ बंद होते आणि आकाराप्रमाणे मांडलेले होते. भांड्यांवर झाकणं होती. बुटांचे जोड टाचेला टाच लावून उभे होते. मागचा कोपरा झाडून लख्ख केलेला, आणि त्यात काहीही नव्हतं. गल्ल्यावर एक उंच, ताठ बाई फडक्याने धूळ पुसत होत्या.

‘‘खुर्ची कुठे आहे? कोपऱ्यातली?’’

‘‘कोपऱ्यातलं सगळं सामान मी लावलं,’’ बाई अभिमानाने म्हणाल्या. ‘‘मी त्याची मोठी बहीण. तो डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलाय. वाचनालयात नोकरी केलीय मी जन्मभर, मला पसारा बघवत नाही. काय सांगू तुम्हाला, इथे एकही वस्तू धड नव्हती! खुर्ची भिंतीपाशी, गादी गाद्यांमागे. जुळवली. आता पुढे काचेजवळ ठेवलीय. बिनगादीची म्हणून पिवळी लागली असणार. गादीसकट म्हणजे पूर्ण माल, म्हणून पुन्हा पांढरी लावली.’’

लालचिठ्ठीने वळून पाहिलं. खुर्ची काचेजवळ उन्हात होती आणि तिच्यात एक स्थूल गृहस्थ आरामात बसले होते. बाजूला त्यांची बायको पिशवी घेऊन उभी होती.

‘‘ती खुर्ची माझी आहे,’’ लालचिठ्ठी म्हणाली.

गृहस्थांनी मान वर केली. ‘‘पैसे दिलेत?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तुमची कशी? मी बसलोय की हिच्यात. घ्यायचीच म्हणून बसलोय.’’

‘‘मी आधी बसले होते. आधीच्या आठवड्यात.’’

‘‘अहो, मग सिनेमाच्या थिएटरात माझ्याही पुष्कळ खुर्च्या असतील.’’

एरवी लालचिठ्ठीने अशा माणसाला तिथल्या तिथे गार केलं असतं. त्या दिवशी तिने जे खरं होतं ते सांगितलं: सासरे पडले, पलंगावर आहेत, उंच खुर्चीशिवाय उठता येत नाही. आणि तिने ही खुर्ची स्वस्त होईपर्यंत थांबून दिवस घालवले. ‘‘माझ्याच हावरेपणाने,’’ ती म्हणाली. एवढं बोलायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गृहस्थांची बायको म्हणाली, ‘‘उठा. घरी चार खुर्च्या आहेत, त्यांच्यावर तुमचे कपडे बसतात. पाचवी कशाला?’’

गृहस्थांनी दोन्ही हात खुर्चीच्या गोल हातांवर ठेवले, जरा पुढे झुकले आणि त्यांचा तो स्थूल देह विनासायास उभा राहिला. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. ‘‘उठायला मात्र झकास आहे,’’ ते म्हणाले. ‘‘घेऊन जा बाई. तुमच्या सासऱ्यांना सांगा, मी तपासून दिलीय.’’

लालचिठ्ठीने पर्स उघडली. ताठ बाई पावती करता करता थांबल्या. ‘‘कोपऱ्यातली खुर्ची म्हणालात... तुम्ही इस्त्रीवाल्या का?’’

‘‘हो.’’

‘‘अगं बाई! म्हणजे तो कोपरा तुमचा!’’ त्यांनी फडकं खाली ठेवलं. ‘‘जाताना भावाने मला एकच गोष्ट बजावली होती. म्हणाला, ताई, बाकी काय ते कर, पण मागच्या कोपऱ्याला हात लावू नकोस, तिथे इस्त्रीवाल्या बाई आपल्या वस्तू ठेवतात. मला वाटलं, पसारा झाकायची सबब.’’

‘‘त्यांना दिसत होतं?’’

‘‘न दिसायला काय झालं? वर्षानुवर्षं बघतोय. एकदा कुणी झाकण नसलेलं भांडं मागितलं, तर त्याने विकलं नाही म्हणे. म्हणाला, झाकण येणार आहे.’’

लालचिठ्ठी ताकाला जाऊन भांडं लपवत आली होती आणि ताक देणारा ते भांडं सांभाळून ठेवत आला होता. तिचे कान तापले. घरातला एकेक दिवा, एकेक कढई तिच्या डोळ्यांपुढून गेली. हुशारीने मिळवली म्हणून दिराला ऐकवलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी रेडिओकडे तोंड करून तिच्या पदरात टाकली होती. लाज वाटली, पण लाजेखाली दुसरंही काही होतं आणि ते जास्त वेळ टिकलं. एवढ्या वर्षांत आपल्याला कुणी असं निमूट सांभाळून घेत होतं, हे कळल्यावर माणूस जरा हलका होतो.

‘‘मी पुन्हा पिवळी लावू का?’’ बाईंनी विचारलं. ‘‘चूक माझी आहे.’’

‘‘नको,’’ लालचिठ्ठी म्हणाली. ‘‘पांढरीच राहू दे. काकांचे डोळे कसे आहेत?’’

‘‘पट्टी सुटली. आता म्हणतो, आपले शर्ट फार कळकट दिसतायत.’’

‘‘त्यांना सांगा, कोपरा...’’ ती अडली. ‘‘सांगा, इस्त्रीवाल्या बाईंनी आभार सांगितलेत. त्यांचे शर्ट लॉन्ड्रीत पाठवा म्हणावं. मी स्वतः करीन.’’

खुर्ची तिने आणि दिराने मिळून जिन्यावरून वर चढवली. दीर प्रत्येक वळणावर चिठ्ठीकडे बघत होता. ‘‘वहिनी, ही पांढरी आहे. ऊन लागून लालची पांढरी झाली का?’’

‘‘पाय सांभाळ. भिंतीला घासतोय.’’

आतल्या खोलीत पलंगाशेजारी खुर्ची ठेवली. सासऱ्यांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा छताकडे नजर लावली.

‘‘बाबा, बसून बघता?’’

‘‘कशाला?’’

‘‘पूर्ण किंमत दिलीय.’’

म्हाताऱ्याची मान परत वळली. ‘‘किती?’’

तिने आकडा सांगितला. त्यांनी डोळे मोठे केले. ‘‘घासाघीस?’’

‘‘केली नाही.’’

‘‘तू?’’ त्यांनी थोरल्या मुलाकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं, कुणी हसतंय का ते तपासलं. ‘‘एवढ्या पैशांत आमच्या वेळी...’’ आणि वाक्य पुरं करण्यासाठी ते कोपरावर उठले. पडून रागावता येत नाही. नवऱ्याने पाठीमागून धरलं, दिराने पाय खाली घेतले, आणि बऱ्याच कण्हण्यानंतर आणि दोन शिव्यांनंतर ते खुर्चीत बसले. उंच बैठकीमुळे गुडघे फार वाकले नाहीत. हात आपोआप लाकडाच्या गोलावर गेले. खिडकी आता त्यांच्या नजरेसमोर होती आणि खाली रस्ता होता. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.

त्या दिवशी ते फार वेळ बसू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. आपल्या आपण उठायला त्यानंतर बरेच दिवस लागले, आणि व्यायामाच्या बाई अजूनही म्हणतात की वाया गेलेले दिवस पायांनी वसूल केले. लालचिठ्ठी ते ऐकून घेते. मुलगी महिनाभर पुढच्या बाकावर बसली आणि मग तिला चष्मा आला.

एका संध्याकाळी खुर्ची स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ओढली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा घरातली सगळी माणसं एकत्र जेवायला बसली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला, चावला आणि ताट जरा पुढे सारलं.

‘‘अळणी आहे,’’ ते म्हणाले.

नवऱ्याने मान खाली घातली. दीर हसू दाबत होता. लालचिठ्ठीने पटकन उठून मिठाचं भांडं आणलं आणि सासऱ्यांच्या हाताशी ठेवलं. अशी बोलणी खाऊन आनंद झालेली सून तिने स्वतःखेरीज दुसरी पाहिलेली नाही.