ओलं गोणपाट

दिघीच्या फेरीबोटीत तो रोज सकाळी भेटायचा. बोट सुटली की आम्ही सगळे पुढे बघायचो; तो मात्र मागे, गावच्या डोंगराकडे. त्याच्या मोटारसायकलला ओलं गोणपाट बांधलेलं असायचं. जंगलात वणवा लागला की तो आणि गावातली पोरं गोणपाटाने झोडपून आग विझवायची.

“वणवा लावतो तरी कोण?” मी एकदा विचारलं.

“मुद्दाम कोन न्हाय लावत. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजतात. वारा फिरला, की गेला डोंगर.”

परवा बोट खाडीच्या मधोमध असताना डोंगराखाली धूर दिसला.

“राबच असेल,” मी धीर दिला.

“राबच हाय. आमचाच,” फोन कानाला लावून तो म्हणाला. “बा उचलत न्हाय.”

धूर डोंगराकडे झुकला होता. पलीकडे टेकल्याशिवाय बोट वळणार नव्हती. गोणपाट ओलं आहे ना, हे तो पुन्हा पुन्हा हात लावून बघत होता.